पियानो मधेच थांबतो

सकाळी साडेदहाच्या सुमारास मी तळघरात एसीच्या चिलरच्या पंपापाशी उभा होतो आणि मॅनेजरसाहेबांचा फोन आला. "अहो, लॉबीतला पियानो बिघडलाय. मधेच थांबतो. पाहुण्यांसमोर शोभत नाही. जरा बघून घ्या."

मी वर गेलो. मस्कतमध्ये अल हैलच्या पुढे, समुद्राला लागून आमचं हॉटेल होतं. लॉबीत समुद्राच्या बाजूने काचेची भिंत, आणि तिच्यासमोर तो काळा पियानो, इतका चकचकीत की त्यात छताचे दिवे मोजता येतील. स्टुलावर कोणी नव्हतं. पट्ट्या आपोआप खाली जात होत्या, वर येत होत्या. एक वयस्कर जोडपं कॉफी पीत ते कौतुकाने बघत होतं. आणि मग पियानो थांबला. पट्ट्या जागच्या जागी. बाईंनी कप खाली ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. काही क्षणांनी डाव्या हाताचा जोरदार ठेका आला आणि गत पुढे सुरू झाली. थोडी पुढे गेली, पुन्हा थांबली.

मी पियानोखाली वाकलोसुद्धा नाही. बिघाड नव्हताच. त्या शांततेत काय वाजायला हवं होतं ते मला स्पष्ट ऐकू येत होतं, कारण कितीतरी संध्याकाळी मी ते ऐकलं होतं. तिथे क्लॅरिनेट वाजायची. आणि क्लॅरिनेट वाजवणाऱ्या माणसाला गेल्याच महिन्यात घरी पाठवून दिलं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तरी ती आठवली की माझं डोकं तापतं. माणसाने झालं गेलं विसरावं असं मला सगळे सांगतात. मला विसरायचं नाही.

मी कुडाळजवळच्या एका लहान गावचा. आई काजूच्या फॅक्टरीत काजू सोलायची. काजूच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं की कातडी भाजते, काळी पडते, सोलवटून निघते. शाळेत प्रगतिपुस्तकावर सही करायला आई यायची तेव्हा पदराखाली हात लपवायची. मी मराठी शाळेत शिकलो, वसतिगृहात राहिलो, शिष्यवृत्तीवर इंजिनीयर झालो. घरातला पहिला पदवीधर. निकाल लागला त्या दिवशी आई मला घेऊन गावभर फिरली आणि ज्यांनी ज्यांनी काही मदत केली होती त्या प्रत्येकाच्या पाया पडायला लावलं. गणिताच्या सरांच्या, वसतिगृहाच्या रेक्टरांच्या, जुनी पुस्तकं देणाऱ्या दुकानदाराच्या. मला त्याची लाज कधी वाटली नाही. त्या माणसांचा मी आजही ऋणी आहे.

पण त्यातून एक सवय लागली. कोणी मला काही दिलं की मी मान खाली घालायचो आणि नंतर ती वर काढायचं विसरून जायचो.

मॅनेजरसाहेब पुण्याचे. मुंबईत मुलाखत त्यांनीच घेतली होती. माझं इंग्रजी अडखळलं तेव्हा ते मराठीत म्हणाले, "भाषेची काळजी करू नका. यंत्र मराठीतही चालतं." ते वाक्य मी कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं. मस्कतला आलो, घुब्राला भाड्याचा फ्लॅट घेतला, लग्न करून बायकोला आणलं. दर दिवाळीला फराळाचा डबा आधी साहेबांच्या घरी जायचा, मग आमच्या घरात डबा उघडायचा. बायको कोल्हापूरकडची, फटकळ. ती म्हणायची, "तुमच्या साहेबांनी काय स्वतःच्या खिशातून पगार दिलाय का? राबता तुम्ही, आणि आभार पण तुम्हीच मानता!" मी तिला गप्प करायचो.

आता मास्तरांविषयी.

मास्तर म्हणजे हॉटेलच्या बँडचे प्रमुख. पियानो तेच वाजवायचे. वेंगुर्ल्याचे ख्रिश्चन, वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतून वाजवलं, मग बोटींवर, मग आखातात. केस कुळकुळीत काळे केलेले, पायात पांढरे बूट, आणि तोंडात सतत स्वतःचंच कौतुक. पहिल्यांदा भेटले ते लॉबीचा एसी बंद पडला होता म्हणून. मी शिडीवर चढलेलो, खालून आवाज आला.

"नवो इंजिनेर तू? खयचो?"

मी प्रमाण मराठीत सांगितलं, "कुडाळजवळचा."

"मगे असो रेडिओसारखो कित्याक बोलतंस? आणि बेगीन कर. माझ्यासारखो पियानो वाजवणारो आख्ख्या गल्फात दुसरो नाय, तो घामान भिजलो तर नुकसान हाटेलाचा!"

मला तो माणूस मुळीच आवडला नाही. आमच्या घरात स्वतःविषयी मोठ्याने बोलणं वाईट मानायचे. पण हळूहळू ड्यूटी संपली की मी लॉबीच्या खांबाआड थांबायला लागलो. मला संगीतातलं काही कळत नव्हतं. भजन आणि लग्नातला बँड एवढंच कानावर होतं. मास्तरांचा बँड वेगळा होता. पियानो, क्लॅरिनेट, बास आणि ड्रम, चारच माणसं, आणि वाजायचं असं की चारही जण एकमेकांना चिडवतायत.

मास्तरांच्या फोनमध्ये एका माणसाचा जुना काळा-पांढरा फोटो होता. उंची सूट, तिरकी टोपी, चेहऱ्यावर अशी मिजास की जणू फोटो काढणाऱ्यावरच उपकार करतोय. गेल्या शतकाच्या सुरुवातीचा एक अमेरिकन पियानोवादक. जॅझ नावाचं संगीत नुकतं उभं राहत होतं तेव्हा बँड बसवायचा कसा, हे त्याने अनेकांना दाखवून दिलं. मास्तर त्याचं नाव घेत नसत. "म्हातारो" म्हणायचे, गावाकडच्या एखाद्या चुलत्याविषयी बोलावं तसे.

"सगळ्यांनी एकदम वाजवला म्हणजे तो शिमगो," मास्तर सांगायचे. "म्हाताऱ्यान काय केला? कोणी खय वाजवायचा ता ठरवल्यान. आणि कोणी खय गप रवायचा ताय ठरवल्यान. सगळो बँड थांबता आणि एकटोच वाजवता, दोन घटका. तेका ब्रेक म्हणतत. थांबाक येणा नाय तेका मी बँडात घेणा नाय."

दुपारी लॉबी रिकामी असताना सराव चालायचा. ड्रमवाला नवा होता, हात शिवशिवायचे त्याचे. क्लॅरिनेटचा ब्रेक आला की तोही मधे दोन थापा घालायचा. मास्तर दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलून हवेत धरायचे आणि त्याच्याकडे बघत राहायचे. मालवणी त्याला कळायची नाही, तरी मास्तर त्याला मालवणीतच झापायचे. "हयसर गप रव! ह्यो तेचो जागो. तुझ्या बापाशीचो नाय!" क्लॅरिनेटवाला गोव्याचा, मितभाषी माणूस. त्याला सगळं कळायचं. तो नळी पुसत गालातल्या गालात हसायचा.

मास्तरांनी स्वतः एक गत बसवली होती. ती म्हाताऱ्याच्या वळणाची, पण आशय वेंगुर्ल्याच्या मासळी बाजाराचा. पियानो म्हणजे मासे विकणारी बाई. ती पाटीपाशी बसून भाव सांगते, ओरडते, शपथा घेते. मग सगळं थांबतं आणि क्लॅरिनेट, म्हणजे गिऱ्हाईक, नाक मुरडून उत्तर देतं. बाई पुन्हा उसळते. गिऱ्हाईक जायला निघतं. बाई हाक मारते. शेवटी सौदा होतो आणि चारही वाद्यं एकदम सुटतात. बायकोला मी एकदा चहाला नेलं तेव्हा तिला काहीही न सांगता ती हसायला लागली. "अहो, ही तर भांडतेय! आणि तो बघा कसा काढता पाय घेतोय." मास्तरांनी ते लांबून पाहिलं आणि त्या दिवसापासून माझ्या बायकोला ते "वैनी" म्हणू लागले. मला मात्र "इंजिनेर"च म्हणत.

दर संध्याकाळी माइकवर ते सांगायचे की ही माझी स्वतःची रचना आहे. दर संध्याकाळी. मी एकदा म्हटलं, "मास्तर, एकदा सांगितलंत की पुरे. रोज कशाक?"

ते हसले नाहीत. "म्हातारो सगळ्यांक सांगत फिरायचो, ह्या माझा, ह्या मी केलंय. लोक तेका फुशारकी मारणारो म्हणायचे. तेचा वाजवून दुसरे मोठे झाले, तो मागे पडलो. मगे तेना गप रवाक व्हया होता? रोज सांगलंय तरच रवता माझा. नायतर उद्या कोणतरी म्हणतलो, खयचा तरी जुना असा."

मग नवा पियानो आला. हॉटेलचं नूतनीकरण झालं, मालकांनी दुबईहून तो मागवला. हा पियानो साधा वाजवता येतोच, पण कोणी वाजवत असताना कुठली पट्टी कधी आणि किती जोरात दाबली हे तो साठवून ठेवतो, आणि नंतर माणसाशिवाय तसंच्या तसं वाजवतो. त्याची जोडणी माझ्याकडे होती. साहेब म्हणाले, "काही दिवस रेकॉर्डिंग चालू ठेवा. टेस्टिंग होऊन जाईल." मास्तरांना मी तसं सांगितलं. ते तर खूश. "माझो हात मशिनीत? बरा झाला! मी मेलंय तरी वाजत रवतलंय." बँड नेहमीसारखा वाजवत राहिला आणि पियानो फक्त मास्तरांचे हात टिपत राहिला.

तेलाचे भाव पडले ते हेच दिवस. सोहारच्या कारखान्यांतून माणसं परत जायला लागली, घुब्रातल्या आमच्या इमारतीत एकेक फ्लॅट रिकामा होऊ लागला, भारतीय शाळेतून मुलांचे दाखले निघू लागले. हॉटेलातही खर्च कमी करायचं आलं. ते मी समजू शकतो. बँड परवडत नाही म्हणून बंद केला असता तर मला वाईट वाटलं असतं, राग आला नसता. पण बँड गेला आणि दुसऱ्याच आठवड्यात लॉबीत पाटी लागली की रोज संध्याकाळी चहाबरोबर जुन्या काळचं जॅझ. आणि पट्ट्यांवर मास्तरांचे हात. मास्तर नव्हते, हात होते. पाटीवर नाव कोणाचंच नव्हतं.

बाकी तिघे गेले. मास्तरांचा करार महिनाअखेरपर्यंत होता. मस्कतमधल्याच दुसऱ्या एका हॉटेलने त्यांना बोलावलं होतं, नवा बँड बसवायला. त्यासाठी एकच गोष्ट हवी होती, आमच्या हॉटेलचं ना-हरकत पत्र. एनओसी. त्या काळात ती नसली तर देश सोडायचा आणि दोन वर्षं परत यायचं नाही, असा नियम होता. मास्तर अठ्ठावन्नचे. दोन वर्षांनी साठ, आणि साठीनंतर नवा व्हिसा मिळणं महाकठीण. म्हणजे तो एक कागद मिळाला तर मास्तर वाजवणार, नाही मिळाला तर वेंगुर्ल्याला जाऊन बसणार. कायमचे.

अशा वेळी पियानो मधेच थांबतो म्हणून मला फोन आला होता.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि खरं ते सांगितलं. "सर, बिघाड नाही. बँडबरोबर वाजवलेलं आहे. जिथे थांबतं तिथे क्लॅरिनेट होती."

साहेब हसले. "असं होय! म्हणजे मशीन ठीक आहे. बसा, चहा घ्या." दाट दुधाचा करक चहा आला. साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मग सोपं आहे. मास्तरांना बोलवा आणि त्या जागा भरून घ्या. एकट्याने सलग वाजवायचं, थांबायचं नाही. एक सकाळ पुरेल. झालं की मी एनओसीवर सही करतो."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "सर, एनओसी तर ते आधीच मागतायत."

"तेच म्हणतोय मी. त्यांचंही काम होईल, आपलंही. तुमचं ऐकतील ते. तुम्ही एकाच भागातले ना?"

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवत. मी बिस्कीट घेतलं. तेच मला अजून चावतं. माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवून साहेब सौदा करत होते, आणि मी "थँक यू सर" म्हणून बाहेर पडलो.

त्याच दुपारी अल हैलला स्टाफच्या इमारतीत गेलो. मास्तरांच्या खोलीत बांगडा तळल्याचा वास होता. रिकाम्या तीन खाटांवर गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या. मी निरोप सांगितला. मास्तर तवा धूत होते, धूतच राहिले.

"म्हणजे तो काय म्हणता, जागो भरून देव?"

"होय."

"आणि मगे कागद."

"होय."

"आणि तू काय सांगलंस तेका?"

 मास्तरांनी नळ बंद केला आणि माझ्याकडे वळले. "तू काय सांगलंस, इंजिनेरा? थँक यू म्हटलंस मा? तुझ्या तोंडार दिसता!" मग एकदम हसले, पाठीवर ओला हात मारला. "जेव. बांगडो थंड होता."

जेवताना त्यांनी म्हाताऱ्याचा विषय काढला नाही, स्वतःची बढाईही मारली नाही. मला ते जास्त जड गेलं. निघताना एवढंच म्हणाले, "येतंय म्हणान सांग. कागद व्हयो असा माका. ह्या वयात फुशारकीन पोट भरणा नाय."

ते आले. ठरल्या सकाळी, पांढरे बूट घालून, केस चोपून. लॉबीच्या त्या भागाला दोरी लावून साफसफाई चालू असल्याचा बोर्ड ठेवला होता. साहेब स्वतः सोफ्यावर बसले होते. मी पियानोच्या बाजूला, लॅपटॉप घेऊन.

मास्तरांनी एकामागून एक गती वाजवल्या. सलग, न थांबता, दोन्ही हातांनी जागा भरत. त्या चांगल्या होत्या, पण मला खांबाआडून ऐकलेलं आठवत होतं. जिथे ड्रमवाल्यावर डोळे वटारायचे तिथेही त्यांचे डोळे पट्ट्यांवरच होते. साहेब मान डोलवत होते. "वा, वा. बघा, किती सोपं होतं!"

शेवटी बाजाराची गत आली. बाईने भाव सांगितला, ओरडली, शपथ घेतली. आणि मास्तर थांबले. हात उचलून हवेत धरले, सरावात धरायचे तसे. शांतता. काचेबाहेर समुद्र. मग पुढची ओळ. पुन्हा थांबले.

"मास्तर," साहेब म्हणाले, "तेच तर नकोय. तिथे भरा काहीतरी."

मास्तर हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे वळले आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी मालवणीत बोलले. "तो जागो माझो नाय. क्लॅरिनेटाचो असा."

"पण गत तुमचीच ना? रोज माइकवर सांगायचात."

"गत माझीच. आख्खी माझी. पण हयसर मी तेका सांगलंय, ह्या तुझा, तुका व्हया ता वाजव. रोज वेगळा वाजवायचो तो. ता मी कसा दिव? माझा असता तर दिलंय असतंय."

ज्या माणसाच्या तोंडून दिवसातून दहा वेळा "माझा, माझा" ऐकलं, तो स्वतःच्या भविष्याच्या कागदासमोर बसून सांगत होता की एवढं माझं नाही.

साहेब उठले. आवाज चढवला नाही. त्यांनी कधीच चढवला नाही. "ठीक आहे. मग कागदाचं मी काही करू शकत नाही. खलास." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही ते लॅपटॉपवर कापून घ्या. मधल्या गॅप काढून टाका, जोडून द्या. येतं ना तुम्हाला?"

"येतं, सर."

"मग करा."

"करणार नाही, सर."

मी हे बोललो तेव्हा माझा आवाज इतका बारीक होता की मला ते पुन्हा म्हणावं लागलं. मग त्यांनी मला ते सांगितलं जे मला नेहमी वाटायचं की ते कधीच सांगणार नाहीत. "मुंबईत तुम्हाला दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती. कोणी आणलं तुम्हाला इथे?"

"तुम्ही आणलंत. मी आभारी आहे. पण मास्तरांचा कागद द्या."

ते निघून गेले. मास्तर पियानोचं झाकण हळूच लावत म्हणाले, "आता गेलो तुझो फराळाचो डबो."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल भाडं, हप्ते, आईची औषधं. ती म्हणाली, "आधी का नाही बोललात?" आणि पोळ्या करायला गेली. पोळपाट इतका आपटत होती की मला कळलं, राग फक्त साहेबांवर नव्हता.

साहेबांनी दुबईचा तंत्रज्ञ बोलावला, तुकडे कापून जोडायला. तो येणार त्या सकाळी मी पियानोच्या वीजपुरवठ्याची पेटी बंद केली आणि तिला माझं लाल कुलूप लावलं. आमच्या कामात हा नियम फार कडक असतो. दुरुस्तीसाठी वीज बंद केली की ज्याने बंद केली तो स्वतःचं कुलूप आणि स्वतःच्या नावाचा टॅग लावतो. किल्ली त्याच्याच खिशात. दुसऱ्या कोणी ते कुलूप काढायचं नाही, मग तो मालक का असेना. कारण कोणाचा तरी हात आत असू शकतो. टॅगवर मी लिहिलं, दुरुस्ती चालू.

साहेब आले. "काढा हे."

"काम चालू आहे, सर."

"कसलं काम?"

"मास्तरांच्या कागदाचं."

 साहेब वळून गेले. दिवसभर कुलूप तसंच राहिलं. मला वाटलं, उद्या सही होईल. मी खरोखर तसं समजलो होतो. संध्याकाळी माझ्या हाताखालच्याच माणसाला कटर देऊन त्यांनी कुलूप कापून घेतलं. त्याचा दोष नाही, त्यालाही घर आहे.

महिनाअखेर मास्तर गेले. विमानतळावर मीच सोडलं. कुलपाची गोष्ट सांगितली तेव्हा ते इतके हसले की बॅगेवर बसावं लागलं. "पियानोक कुलूप! मेल्या, तू माझ्यापेक्षा येडो!" मग डोळे पुसून म्हणाले, "म्हाताऱ्याक तुझ्यासारखो एक इंजिनेर व्हयो होतो."

नंतरचं मला सर्वात जास्त संताप आणणारं आहे. मी सुरक्षा समितीच्या बैठकीत तक्रार केली, माझं कुलूप कापलं म्हणून. आणि लोक हादरले! सुरक्षा अधिकारी ओमानी होता, तरुण, प्रामाणिक. त्याने टेबलावर हात आपटला. असं कसं झालं, कोणाचा जीव गेला असता. तासभर चर्चा झाली. कोणत्या अधिकाराने कापलं, पुन्हा होता कामा नये. शेवटी साहेबांच्या सहीने मला दिलगिरीचं पत्र मिळालं, छापील, हॉटेलच्या शिक्क्याचं. बाजारात कुठेही मिळणाऱ्या कुलपासाठी पत्र. मी मास्तरांचं नाव काढलं तेव्हा अधिकारी गोंधळला, कागद चाळले आणि खऱ्या दुःखाने म्हणाला की ते या बैठकीच्या विषयांत येत नाही.

कुलपाला नियम होता. त्या सहीची शाई मी कितीतरी वेळ बघत बसलो. तीच सही दुसऱ्या कागदावर हवी होती.

लॉबीत आता बाजाराची गत सलग वाजू लागली. दुबईच्या माणसाने काम चोख केलं होतं. बाई भाव सांगायची आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा भाव सांगायची, स्वतःशीच भांडायची, स्वतःलाच शपथा घालायची. संपलं की चहा पिणारे लोक टाळ्या वाजवायचे. रिकाम्या स्टुलासाठी! मी तळघराच्या जिन्याने ये-जा करायला लागलो.

काही आठवड्यांनी मास्तरांचा फोन आला, वेंगुर्ल्याहून. मी पंपापाशीच होतो. वैनीची चौकशी केली, चर्चमधली पेटी किती भिकार आहे ते सांगितलं, आख्ख्या तालुक्यात आपल्यासारखा वाजवणारा नाही हेही सांगितलं. मग विचारलं, "वाजता काय रे अजून?"

"वाजता."

"थांबता मा?"

मला खोटं बोलता आलं असतं. "थांबणा नाय, मास्तर. जागो कापल्यानी. जोडून टाकल्यानी."

मास्तरांनी एकेक शब्द सुटा करत विचारलं. 

"म्हणजे बाई एकटीच बोलता?"

"एकटीच."

"आवशीचो घो तेंच्या!" मास्तर ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला. "एकटी बाई बाजारात बसान बडबडता, ती येडी असता रे! माझ्या बायेक येडी केल्यानी!" आणि त्यांनी फोन ठेवला.

मी पंप बघून झाल्याची नोंद केली. स्टोअरमध्ये गेलो आणि नवं कुलूप मागितलं. स्टोअरवाल्याने विचारलं कशासाठी, मी सांगितलं पियानोसाठी. तो हसला. मी हसलो नाही. त्या वर्षी माझा करार पुढे वाढवला गेला नाही, आणि तो वाढणार नाही हे मला जिना चढतानाच माहीत होतं.

लॉबीत चहाची वेळ होती. बाजाराची गत नुकतीच सुरू झाली होती. बाईने पहिला भाव सांगितला. मी विजेची पेटी उघडली, वीज बंद केली, कुलूप अडकवलं. पट्ट्या अर्ध्यात थांबल्या. लोक वळून बघू लागले. टॅगवर कारणाचा रकाना असतो. तो एरवी आम्ही इंग्रजीत भरायचो. मी सावकाश, शाळेत गिरवलेल्या अक्षरात, साहेबांना वाचता येईल असं मराठीत लिहिलं: क्लॅरिनेट नाही.